नाशिकचा दगड, माती आणि पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहीर खोदणारे, घर बांधणारे, द्राक्षबागायतदार, शाळेचे शिक्षक आणि ट्रेकहून खिशात खडा घेऊन येणारी मुले या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय वेगवेगळे वाटतात, पण बहुतेकांचे उत्तर एकाच गोष्टीवर येऊन थांबते : तुमच्या पायाखालचा दगड घट्ट काळा पाषाण आहे की मांजऱ्या. म्हणून प्रश्न २ आधी वाचावा.

१. खनिज आणि खडक यांत फरक काय?

चिवडा हा खडक समजा आणि त्यातले पोहे, शेंगदाणे, डाळं ही खनिजे. खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला, ठराविक रासायनिक घडण असलेला, आतून अणूंची नेमकी मांडणी असलेला घन पदार्थ. गार, म्हणजे क्वार्ट्झ, हे खनिज आहे. तिच्यात एक भाग सिलिकॉन आणि दोन भाग ऑक्सिजन, जगात कुठेही उचलली तरी तेच. खडकाची घडण अशी ठराविक नसते. आपल्या काळ्या दगडात फेल्डस्पार, पायरॉक्सिन आणि थोडे मॅग्नेटाइट ही खनिजे मिसळलेली असतात आणि प्रमाण थराथराला बदलते.

या व्याख्येने काही गोष्टी अनपेक्षित जागी जातात. बर्फ खनिज आहे. काच नाही, कारण तिच्या आत अणूंची शिस्तबद्ध मांडणी नसते. दगडी कोळसाही काटेकोर अर्थाने खनिज नाही, तो झाडपाल्यापासून झालेला खडक आहे. कायद्यात मात्र त्याला खनिजच म्हणतात.

२. नाशिकचा काळा दगड नेमका कोणता? सगळीकडे एकच आहे का?

नाव एकच, बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला आणि थरांवर थर साचले. यालाच दख्खन ट्रॅप म्हणतात. आज त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर, सप्तशृंग हे सगळे त्याच थरांचे उरलेले भाग आहेत.

पण प्रत्येक थर आतून सारखा नसतो. लाव्ह्यातला वायू वर येतो आणि थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या राहतात. पुढे त्यांत पांढरी, हिरवट खनिजे भरतात आणि दगड ठिपकेदार दिसतो. हा मांजऱ्या. काही प्रवाह तर वरपासून खालपर्यंत मांजऱ्याच असतात. ज्या थरांत वायू कमी अडकला, तिथे बारीक कणांचा, घट्ट, जड दगड होतो. हा काळा पाषाण. दोन प्रवाहांच्या मध्ये कित्येकदा विटकरी रंगाचा मातकट थर सापडतो. पहिला प्रवाह थंड होऊन त्याच्यावर माती तयार व्हायला वेळ मिळाला, मग दुसऱ्या लाव्ह्याने ती माती भाजली; तो हा तांबडा थर. घाटातल्या रस्त्याच्या कापात तो दुरूनही ओळखू येतो.

ओळखायची साधी रीत : ताज्या फुटीवर हातोडी मारा. काळा पाषाण खणखणीत वाजतो आणि धारदार कपच्या निघतात. मांजऱ्याचा आवाज बद्द येतो आणि तो गोळ्यागोळ्यांनी तुटतो.

३. आमच्याकडच्या डोंगरांना पायऱ्या-पायऱ्या का दिसतात?

काळा पाषाण सहजी झिजत नाही, त्याचा कडा उभा राहतो. मांजऱ्या आणि तांबडा थर लवकर झिजतात, त्यांचा उतार किंवा सपाटी होते. ट्रॅप हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. धोडपच्या माथ्यावरची सरळ भिंत मात्र थर नव्हे. उभ्या भेगेत लाव्हा घट्ट होऊन बसला आणि आजूबाजूचा दगड झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उभा राहिला. अशा भिंतीला डाइक म्हणतात. तिचा पाण्याशी काय संबंध, ते प्रश्न ९ मध्ये.

४. मुरूम हा वेगळा दगड आहे का?

नाही, तो कुजलेला बेसाल्ट आहे. सांध्यांतून पाणी शिरते, ठोकळ्याच्या कडा आधी सडतात आणि एकेक पापुद्रा सुटत जातो. आत घट्ट गाभा, बाहेर पापुद्रे. कांदा अर्धा कापून पाहिला की जे दिसते तेच, म्हणून लासलगाव-निफाडच्या वाचकांना हे लगेच कळते. मुरूम आणखी कुजला की काळी माती. भरावासाठी मुरूम घेताना मुठीत ओला करून दाबा : हाताला चिकटून गोळा झाला तर त्यात माती जास्त आहे, तो भरावाला घेऊ नका.

५. घरातली फरशी आणि ओटा नाशिकच्याच दगडाचे असतात का?

बहुतेक वेळा नाही. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातून, कडप्पा आंध्र प्रदेशातून आणि कोटा राजस्थानातून येतो. तिन्ही चुनखडक आहेत, म्हणजे गाळाचे खडक. ग्रॅनाइटही बाहेरचाच, नाशिक जिल्ह्यात जमिनीवर ग्रॅनाइट दिसत नाही. त्र्यंबकेश्वर आणि काळाराम या मंदिरांचा काळा दगड मात्र इथला बेसाल्ट आहे.

हा फरक रोजच्या वापरात महत्त्वाचा आहे. चुनखडकावर आम्ल पडले की तो विरघळतो. कडप्प्याच्या ओट्यावर कापलेले लिंबू तासभर पालथे राहिले तर तिथे पांढुरकी गोल खूण उमटते. ती घासून जात नाही, कारण तो डाग नसून खड्डा असतो. पुन्हा पॉलिश करावे लागते. शहाबादी किंवा कोटा कधीही बाथरूम ॲसिडने धुऊ नका. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही. दुकानात शंका आली तर तुकड्याच्या मागच्या बाजूला खिळ्याने ओरखडा काढून त्या भुकटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले की चुनखडक किंवा संगमरवर. संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूपांतर झालेला चुनखडकच.

६. ब्रास म्हणजे किती? खडी मोजून कशी घ्यायची?

१ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. खडीचे वजन ब्रासला साधारण ४ ते साडेचार टन भरते. हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजा, गुणा आणि १०० ने भागा. १२ × ७ × ३ फूट म्हणजे २५२ घनफूट, अडीच ब्रास. उंची मधल्या ढिगावरून न घेता माल सपाट करून चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजा. वाटेत हादऱ्याने माल बसतो, त्यामुळे क्रशरवरचे माप आणि साइटवरचे माप यांत थोडा फरक येतोच. हिशेब कोणत्या मापावर करायचा, ते आधी ठरवा.

७. क्रशरची खडी आणि क्रश सँड चांगली की वाईट, हे कसे ओळखावे?

पहिली गोष्ट, दगड कोणता फोडला आहे ते बघा. मूठभर खडी धुऊन पसरा. पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचे खडे पुष्कळ दिसले तर मांजऱ्या फोडलेला आहे. तो मऊ असतो आणि पाणी पितो. घरी करून पाहता येईल अशी चाचणी : खडी २४ तास पाण्यात ठेवा, बाहेर काढून फडक्याने पृष्ठभाग पुसा आणि वजन करा, मग कढईत पूर्ण वाळवून पुन्हा वजन करा. दोन्ही वजनांतला फरक वाळलेल्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त आला तर काँक्रीटसाठी दुसरी खाण शोधा. चपट्या, लांबट कपच्या जास्त असतील तर त्याही नकोत. त्यांच्यामुळे काँक्रीटमध्ये पोकळी राहते आणि सिमेंट जास्त लागते.

ठिपक्यांत एक छुपी अडचण असते. काही पोकळ्यांत कॅल्सेडोनी किंवा ओपल भरलेले असते. हे सिलिकेचे प्रकार सिमेंटमधल्या अल्कलीशी हळूहळू प्रतिक्रिया करतात, तयार होणारा जेल पाणी शोषून फुगतो आणि बऱ्याच वर्षांनी काँक्रीटला जाळीदार तडे जातात. पूल, पाण्याची टाकी, धरण अशा सतत ओल्या कामात याची प्रयोगशाळेत चाचणी करूनच खडी घ्यावी.

क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, बेसाल्टचीच असते आणि आयएस ३८३ : २०१६ या मानकाला ती मान्य आहे. त्या मानकानुसार ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी नदीच्या वाळूत वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंत चालते, फोडलेल्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत. याचे कारण असे की नदीच्या वाळूतली बारीक भुकटी ही माती असते, तर क्रश सँडमधली दगडाचीच पूड. पण कच म्हणजे क्रश सँड नव्हे. कच हा खडी फोडताना उरलेला चुरा; त्याचा कण टोकदार असतो आणि आकाराची प्रत ठरलेली नसते. स्वस्त पडतो म्हणून स्लॅबमध्ये कच घालणे ही पुढच्या तड्यांची तयारी आहे.

८. काळ्या मातीत बांधलेल्या घराला तडे का जातात?

काळ्या मातीतली चिकणमाती माँटमोरिलोनाइट गटाची असते. तिच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच हालचाल तुमच्या पायाखाली होते. कोपरे आणि मधला भाग सारखे हलत नाहीत, म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे जातात. आधी तडे भरून काही मिळत नाही, ते पुढच्या वर्षी परत येतात.

पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्या. मुरूम लागला याची खूण म्हणजे पहार टणकन उडते. जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरा, तोही एकदम न ओतता ६-६ इंचांचे थर पाणी मारून धुमसत. माती खूप खोल असेल तर खाली फुगीर असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले खांब, लागतात, ते अभियंत्याकडूनच ठरवून घ्या. आणि घराभोवती चारही बाजूंनी तीन-चार फुटांची फरशी उतार बाहेर ठेवून करा, म्हणजे पावसाचे आणि बागेचे पाणी पायाशी मुरणार नाही. भिंतीला लागून मोठे झाडही नको, ते एका बाजूची माती शोषून कोरडी करते.

९. बोअर किती खोल घ्यावी? शेजाऱ्याला २०० फुटांवर लागले, आम्हाला ४०० फुटांवरही नाही, असे का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त पैसे वाया जातात तेही इथेच.

बेसाल्टखाली नद्या वाहत नाहीत. घट्ट काळ्या पाषाणात पाणी साठायला जागाच नसते. पाणी असते ते मुरमात, तडे गेलेल्या कातळात, मांजऱ्याच्या सडलेल्या भागात आणि दोन प्रवाहांच्या सांध्यावर. खोल जावे तसे वरच्या वजनाने तडे मिटत जातात, म्हणून खोली दुप्पट केली की पाणी दुप्पट होत नाही. शेजाऱ्याच्या बोअरने एखादा तडा गाठला असेल आणि तुमची त्याच्यापासून ३० फुटांवरून सरळ खाली गेली असेल. तुमच्या दोघांच्या मध्ये डाइक असेल तर फरक आणखी मोठा पडतो. घट्ट डाइक जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो. चढाकडच्या बाजूची विहीर भरलेली आणि उताराकडची कोरडी. पण डाइकच भेगाळलेला असेल तर पाणी त्याच्यातूनच वाहते आणि नेमकी त्यावरची बोअर चालते. म्हणून डाइक दिसला की एका नियमाने निर्णय घेता येत नाही, दोन्ही बाजूंच्या विहिरींचे मे महिन्यातले पाणी मोजून बघावे लागते.

बोअर सुरू असताना हे करा. दर १० फुटांना बाहेर पडणारा चुरा वेगवेगळ्या पिशवीत भरा आणि खोली लिहून ठेवा. राखाडी कोरडी पूड म्हणजे पाषाण, तिथून अपेक्षा ठेवू नका. पांढरे-हिरवे कण म्हणजे मांजऱ्या. विटकरी चिखल म्हणजे तांबडा थर. तो पाण्याने फुगून ढासळतो, तिथे केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून बसवतात तो पाइप, टाकले नाही तर मोटर अडकते आणि लाल पाणी येत राहते. वरच्या माती-मुरमात तर केसिंग हवेच, आणि ते घट्ट कातळात रुतलेले हवे. सलग १०० फूट नुसती कोरडी राखाडी पूड येत असेल तर थांबण्याचा विचार करा. गाडीवाला फुटावर पैसे घेतो, हे लक्षात असू द्या.

पाणी किती आहे ते नुसत्या नजरेने ठरवू नका. १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा : ५ सेकंद लागले तर ताशी १०,८०० लिटर. ही मोजणी दोन-तीन तास पंप चालवल्यानंतर करा, सुरुवातीचे पाणी साठलेले असते.

महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ प्रमाणे अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर घेता येत नाही. तुमचे गाव त्यात येते का, ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारा. पाणाड्याच्या नारळावर लाखभर खर्च करण्यापेक्षा तिथल्या भूवैज्ञानिकाला शेत दाखवलेले कधीही बरे.

१०. द्राक्षाची पाने पिवळी पडतात आणि मातीत पांढरे खडे आहेत. जिप्सम टाकावे का?

नाही. ते पांढरे खडे म्हणजे चुनखडी, आणि जिप्सम हे चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीवरचे औषध आहे. दोन वेगळ्या व्याधी आहेत. बेसाल्टमधले कॅल्शियम पाण्याबरोबर सुटते, पाणी उडून गेले की मातीत खडे होऊन बसते. अशा जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या वर जातो आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण. मातीत टाकलेले साधे फेरस सल्फेट तिथे पुन्हा अडकते. चिलेटेड लोह, त्यातही ईडीडीएचए प्रकारातले, चुनखडीत टिकते.

चाचणी : एक भाग बाथरूम ॲसिड तीन भाग पाण्यात घाला, नेहमी आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीही नाही. त्याचे थेंब मातीच्या ढेकळावर टाका. फसफसले की चुनखडी. चोपण जमीन नुसत्या फसफसण्यावरून ओळखत नाहीत. तिथे पाणी मुरत नाही, वर साचून राहते आणि वाळल्यावर कडक पापुद्रा धरतो. तिथे माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे जिप्सम, आणि त्याच्या आधी चर काढून निचरा. निचरा नसेल तर जिप्सम फुकट जाते.

११. विहीर खोदताना दगडाच्या पोकळीत चमकणारे स्फटिक निघाले. ते काय आहेत?

नाशिकचे हे खरे वैभव आहे. पांडवलेणी परिसर आणि सिन्नर भागातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांतून निघालेले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. गरम पाणी खडकातून फिरताना त्यात विरघळलेली द्रव्ये पोकळीच्या भिंतींवर सावकाश साठली आणि त्यांचे स्फटिक झाले.

ओळखताना आधी कठीणपणा पाहा. तो १ ते १० च्या मोज मापात मोजतात. नख २.५, चाकूचे पाते आणि काच सुमारे ५.५ असे धरा. पोकळीच्या कडेचा तुटका तुकडा घेऊन बघा, चांगल्या स्फटिकावर ओरखडा काढू नका.

गार, म्हणजे क्वार्ट्झ, ७ कठीण. काचेवर ओरखडा काढते, सहा बाजूंची, वर टोक. जांभळी असेल तर ॲमेथिस्ट. कॅल्साइट ३ कठीण, चाकूने सहज खरवडते, तिरप्या ठोकळ्यांत फुटते आणि पातळ आम्लात फसफसते. स्टिल्बाइट गुलाबी-केशरी, मधे आवळलेल्या पेंढीसारखे, मोत्याची झाक. ह्यूलँडाइट शवपेटीच्या आकाराचे चपटे स्फटिक. स्कोलेसाइट पांढऱ्या सुयांचा पसरलेला झुबका. हात लावला की मोडतो. ॲपोफिलाइट पारदर्शक, चौकोनी, टोकाला चार बाजूंचा पिरॅमिड, कधी पाण्यासारखा तर कधी हिरवा. तो झिओलाइटांबरोबरच (आधीचे तिन्ही त्याच गटातले) सापडतो म्हणून सगळे त्याला झिओलाइट म्हणतात, पण तो त्या गटातला नाही.

आणि एक दुर्मीळ : मधासारख्या पिवळ्या रंगाचा, आकाराच्या मानाने जड वाटणारा पॉवेलाइट. हा कॅल्शियम मॉलिब्डेट आहे आणि नाशिकचे नमुने जगातल्या सर्वोत्तमांत गणले जातात. अतिनील प्रकाशात तो चमकतो.

पोकळी दिसली की पहार थांबवा. भोवतीचा दगड रुंद सोडून काढा, स्फटिकाला हत्यार लावू नका, वर्तमानपत्र न वापरता मऊ टिश्यू कागदात गुंडाळा. क्रशरमध्ये गेलेली पोकळी कोट्यवधी वर्षांचे काम एका मिनिटात संपवते. मुलांना हे सगळे प्रकार एका जागी दाखवायचे असतील तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय जवळ आहे.

१२. असे स्फटिक घरी कसे धुवावेत?

साधे पाणी, जुना मऊ ब्रश, सावलीत वाळवणे. एवढेच. बाथरूम ॲसिडने कॅल्साइट विरघळते आणि कित्येक झिओलाइटांचा लिबलिबीत जेल होतो. गरम करू नका. झिओलाइटच्या घडणीत पाणी असते, तापवल्यावर ते निघून जाते. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने नाव दिले तेही यामुळेच : झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. सुयांच्या झुबक्याला ब्रशही नको, नुसती फुंकणी.

१३. त्र्यंबकमध्ये विकतात ती स्फटिकाची माळ खरी की काच?

भिंगातून पाहा. आत गोल बुडबुडे दिसले तर काच. खऱ्या गारेत असतील तर पिसासारख्या रेषा, ढग किंवा वेडेवाकडे सांधे. गार हातात घेतल्यावर काचेपेक्षा जास्त वेळ थंड लागते. काचेवर ओरखडा काढण्याची परीक्षा विकत घेतल्यावरच करा. मोठा गोळा असेल तर त्याच्याखाली केस ठेवून गोळा फिरवा. काही दिशांनी केस दुहेरी दिसला तर गार, कुठूनही एकेरीच दिसला तर काच.

१४. आपल्या शेतातून दगड, मुरूम किंवा स्फटिक काढून विकता येतात का?

जमीन तुमची असली तरी विक्रीसाठी उत्खनन करायला परवाना आणि स्वामित्वधन लागते. वाळू, मुरूम, दगड ही गौण खनिजे आहेत. विनापरवाना उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होतो. विहिरीचा किंवा पायाचा निघालेला माल त्याच जागेत वापरायचा असेल तर प्रश्न वेगळा, पण गाडी बाहेर काढण्याआधी तहसील कार्यालयाच्या गौण खनिज शाखेत विचारा. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे. तिथून आणि तिच्या प्रतिबंधित १०० मीटरच्या पट्ट्यातून खडाही उकरू नये.

१५. नाशिकमध्ये कोळसा का नाही?

राज्याचा कोळसा विदर्भातल्या, आपल्या लाव्ह्याहून कितीतरी जुन्या गाळाच्या खडकांत आहे. नाशिकवर लाव्ह्याचे जाड आच्छादन आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राला त्यामुळेच कोळसा रेल्वेने आणावा लागतो.

१६. नांगरताना काळा, जड, चुंबकाला चिकटणारा दगड सापडला. उल्का आहे का?

बहुधा नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे दोऱ्याला टांगलेले चुंबक आपल्या साध्या दगडाकडेही थोडे ओढले जाते. दगडाला भोके असतील तर उल्का सहसा बाद. भोके वायूची, म्हणजे लाव्ह्याची. ताज्या उल्केवर पातळ काळे कवच असते आणि कोपरा घासला की आत बहुधा धातूचे चकचकीत ठिपके दिसतात. ते दिसलेच तर आणखी न फोडता भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला दाखवा. पूर्वी लोहार किंवा भट्टी होती अशा जागी सापडणारा जड, फेसाळ तुकडा बहुतेकदा लोहकिट असतो.

१७. दगडावर झाडाच्या फांदीचे हुबेहूब चित्र आहे. जीवाश्म आहे ना?

भेगेच्या सपाट पृष्ठभागावर, काळ्या रंगाचे, नेच्यासारखे फाटे फुटलेले चित्र असेल तर ते मँगनीज ऑक्साइड आहे. भेगेतून झिरपणाऱ्या पाण्याने ते फाट्याफाट्यांनी साठत जाते. त्याला डेंड्राइट म्हणतात. भिंगाखाली पाहा : खऱ्या पानाला शिरा आणि देठ असतात, डेंड्राइटला नसतात, आणि फाटे कुठेही एकमेकांना ओलांडून जात नाहीत.

लाव्ह्यात जीव टिकत नाही, म्हणून काळ्या पाषाणात जीवाश्म शोधणे व्यर्थ. पण दोन प्रवाहांमधल्या काळात तळी साचली असतील तर त्या गाळाच्या पातळ थरांत ते मिळू शकतात. आणि गोदावरीच्या जुन्या गाळात तर मिळालेच आहेत : नांदूर मध्यमेश्वरजवळ प्राचीन हत्तीची कवटी निघाली होती. नदीकाठच्या घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरात हाडासारखा जड, छिद्राळ तुकडा दिसला तर तो उपसू नका. जागेवरच शेजारी पेन ठेवून फोटो काढा, थर किती उंचीवर आहे ते लिहा, मगच जाणकाराला बोलवा. थरातून उपसलेल्या हाडाचे वय ठरवणे फार अवघड होऊन बसते.